सोमवारी आणतो, म्हणालो होतो

प्रिय आई,

तुला शेवटचं पत्र मी जबलपूरहून लिहिलं होतं, कॉलेजात असताना. त्यातल्या सगळ्या चुका तू उलट टपाली कळवल्यास आणि खाली लिहिलंस, "बोलताना कसंही बोल, कागदावर मराठी नीट लिही." म्हणून आज नीट लिहायचा प्रयत्न करतो आहे. अक्षर खराब येईल, तेवढं सांभाळून घे.

उद्या सकाळी रेवू नागपूरला चालली. मेडिकलला! तुझ्या माहेरच्या गावी! तू असतीस तर रायपूरच्या सगळ्या पुरानी बस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत सुटली असतीस. आज दुपारी वंदना आणि ती पंडरीच्या कापडबाजारात गेल्यात, हॉस्टेलसाठी चादरी आणि उशांचे अभ्रे घ्यायला. घरी मी एकटाच आहे. त्या निघायच्या आधी जे झालं, त्यापायी मी जेवलो नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो.

झालं असं. वंदना बॅग भरत होती. कुलूप, बादली, मग्गा, चिवडा, दुलारी दीदीने शेजारून तळून आणलेली ठेठरी आणि गोड खुरमी. सगळं झाल्यावर तिने तुझा छोटा फोटो कपड्यांच्या मध्ये ठेवला. रेवूने तो बाहेर काढला आणि पलंगावर ठेवून दिला.

"अगं, आजीचा आशीर्वाद राहू दे सोबत," वंदना म्हणाली.

पोट्टीने आवाज चढवला नाही. आपल्या नेहमीच्या हिंदीत एवढंच म्हणाली, "मम्मी, जिनको आख़िरी टाइम मुझसे मिलना ही नहीं था, उनकी फोटो वहाँ रखकर मैं क्या करूँगी?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेच्या चेनकडे पाहत राहिलो. बोलायचं मला होतं. दोघी रिक्षात बसून गेल्या.

आई, तुझ्या नातीला वाटतं की तुला तिला भेटायचं नव्हतं. साडेतीन महिने झाले, ती हे मनात घेऊन फिरते आहे. आणि हे तिच्या मनात कोणी भरलं? मी. तुझ्या पोटच्या पोराने.

काय झालं ते तुला ठाऊकच आहे. अर्धं तरी. उरलेलं अर्धं तू गेल्यानंतरचं आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

मागच्या वर्षी रेवूचा पहिला प्रयत्न फसला तेव्हापासून मी वेडा झालो होतो, हे तू पाहत होतीस. पुन्हा एक वर्ष भिलाईच्या कोचिंगला तिला ठेवलं. रविवार सोडून घरी यायचं नाही, लग्नाला नाही, बारशाला नाही. रविवारी ती आली की आधी तुझ्यापुढे डोकं देऊन बसायची. तू खोबरेल तेल थापायचीस. "आजी, धीरे!" ती ओरडायची. "हव, धीरेच करून राहिली मी. केस आहेत का झाडू?" तू म्हणायचीस. तू मराठीत, ती हिंदीत, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. मी मात्र घड्याळ दाखवायचो. "आई, पुरे आता, तिला रिव्हिजन आहे." तुमचा तो अर्धा तास मला खुपायचा, काय सांगू!

मग त्या सोमवारी तू न्हाणीघरात पडलीस. समता कॉलनीतल्या नर्सिंग होममध्ये नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार थकलंय, घरच्यांना बोलावून घ्या. घरचे म्हणजे कोण? मी आणि वंदना तिथेच होतो. राहिली एक रेवू. परीक्षा रविवारी होती.

मंगळवारी सकाळी तू शुद्धीत होतीस. चहा मागितलास, कपभर नाही, बशीभर. मग माझा हात धरून म्हणालीस, "सुध्या, रेवूले बोलाव ना रे. पाच मिनिटं."

मी म्हणालो, "आई, रविवारी तिचा पेपर आहे. सोमवारी आणतो."

तू म्हणालीस, "सोमवार भल्ला दूर आहे रे."

आणि मी हसलो! आई, मी हसलो. "काय दूर आहे? सहा दिवस तर आहेत," असं म्हणालो. रायपूर ते भिलाई किती लांब? तासभर. माझी गाडी खाली उभी होती.

बुधवारी तू परत विचारलंस. मी नर्सला हाक मारायच्या निमित्ताने उठून बाहेर गेलो. त्या दुपारी वंदना म्हणाली, "अहो, आईंनी मलाही सांगितलं, रेवूला बोलव म्हणून. मी जाते, घेऊन येते. पोरीला नंतर काय तोंड दाखवणार आपण?" मी त्या पॅसेजमध्ये, पेशंटच्या नातेवाइकांसमोर, तिच्यावर ओरडलो. "एक वर्ष घालवलं तिने, आता दुसरं तू घालव!" वंदना रडत आत गेली. तू ते ऐकलंस का गं? दार उघडंच होतं.

तू मला एक शिवी का नाही घातलीस? भाजीवालीशी दोन मिरच्यांसाठी पंधरा मिनिटं भांडणारी बाई तू! वॉर्डबॉयला दटावलंस, घरच्या पोराला दटावावं तसं. आणि माझ्यापुढे गप्प? काहून? "सुध्या, मुकाट्याने गाडी काढ," एवढं म्हणाली असतीस तर मी गेलो असतो. गेलो असतो की नाही, खरं तर मलाच माहीत नाही. पण तू तिसऱ्या वेळेनंतर विचारणंच सोडलंस, आणि मला हायसं वाटलं. तेच मला आता सहन होत नाही.

तुला कारण माहीत होतं, म्हणून गप्प बसलीस का? कारण आपण दोघं तीस वर्षांत एकदाही त्यावर बोललो नाही. बाबा आजारी पडले तेव्हा मी जबलपूरला शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा आठ दिवसांवर होती. शेजारच्यांच्या फोनवरून तू एवढंच म्हणालीस, "सगळं ठेव आणि ये." मी आलो. बाबा दोन दिवस होते. माझ्या हातून मोसंबीचा रस प्यायले, माझ्याशी बोलले. मग गेले. परीक्षा बुडाली. पुढे घर चालवायला बाबांच्या ऑफिसात अनुकंपेवर मला नोकरी लागली, आणि मी कॉलेजात परत गेलोच नाही. आजही तिथेच आहे, फक्त ऑफिस नव्या रायपूरला गेलं. माझ्या हाताखालून जे साहेब झाले, त्यांच्या फायली वाहतो.

कोणी हळहळलं की तू म्हणायचीस, "वर्ष गेलं, पण बाप तर दिसला पोराले." तू ते म्हणालीस की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबा दिसले याचं समाधान मला कधी मिरवावंसं वाटलं नाही, कॉलेज गेलं याचा राग मात्र मी जपून ठेवला. तुझ्यावरचा राग. आता लिहून टाकतो, लपवून काय करू? तू रेवूला बोलाव म्हणालीस तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हिने माझं कॉलेज घालवलं, आता पोरीचं घालवते.

आई, मी तुझ्यावर सूड उगवला का गं? तू मरणाच्या दारात असताना? मी स्वतःला रोज सांगतो, नाही, मला फक्त पोरीची काळजी होती. रोज सांगावं लागतं, यातच काय ते समज.

गुरुवारी पहाटे तू गेलीस. दहा वाजेपर्यंत सगळं आटोपलं. आपल्याकडे अग्नी देण्याआधीच मुंडण, तसं ते झालं. घरी आल्यावर मी सगळ्यांना बजावलं, दुलारी दीदीला, वरच्या भाडेकरूंना, पाऱ्यातल्या घराघराला, की रेवूला कोणी कळवायचं नाही. कोणी आजीचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. लोकांनी माना डोलावल्या. आपल्याकडे पोरांच्या परीक्षेपुढे कोणी काही बोलत नाही.

संध्याकाळी सातला तिचा फोन आला, व्हिडिओवर. माझं डोकं तुळतुळीत! मी कॅमेरा बंद करून बोललो. सांगितलं, फोन पडला, कॅमेरा गेला. "आजी को दो ना." म्हटलं, झोपली आहे. शुक्रवारी पुन्हा फोन. "आजी?" म्हटलं, झोपली आहे. शनिवारी ती म्हणाली, "पापा, आजी इतना क्यों सो रही है?" मी म्हणालो, उन्हाळा आहे ना. मग तिने सांगितलं की ती हॉस्टेलजवळच्या देवळात जाऊन आली, पेपरसाठी, आणि आजीसाठी पण प्रसाद घेऊन ठेवला आहे. वंदना उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. मी फोनवर पोरीला रिव्हिजनचं विचारलं.

सुतकात देवळात गेली, म्हणून मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, तिला कळलं तेव्हापासून तिचं सुतक, तिचा काही दोष नाही. तिचा दोष नव्हताच. ते मला गुरुजींनी सांगायची गरज नव्हती.

रविवारी मी निघालो तेव्हा गुरुजी रागावले. अग्नी दिलेल्याने दहा दिवस घराबाहेर पडू नये, कोणी दुसरं जाईल. मी ऐकलं नाही. विचार कर आई! तू बोलावलंस तेव्हा भिलाई मला लांब होती. तू गेल्यावर चौथ्या दिवशी सगळे नियम मोडून मी तासाभरात तिथे हजर! मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर लोकरीची टोपी घालून. घरात दुसरी टोपी नव्हती. गेटवरचे सगळे पालक माझ्याकडे बघत होते.

ती बाहेर आली ती हसतच. पेपर छान गेला होता. लांबूनच हात हलवला. मग टोपी पाहिली. जवळ येईपर्यंत तिचं हसू गेलं होतं. तिने हात वर केला आणि माझी टोपी काढली.

"आजी?"

मी मान हलवली.

"कब?"

"गुरुवारी."

"मुझे क्यों नहीं बताया?"

इथे माझ्याजवळ खरं बोलायला जागा होती, आई. मी म्हणू शकलो असतो, मी नाही सांगितलं, माझी चूक झाली. पण तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मला झेपली नाही. तोंडातून निघून गेलं, "आजीनेच शपथ घातली होती. म्हणाली, पोट्टीचा पेपर होऊ द्या, तोवर तिले बोलावू नका." तुझ्या आवाजात म्हणालो बघ, तिले, पोट्टी, सगळं तुझंच. म्हणून तर तिला ते खरं वाटलं.

एका वाक्यात मी सुटलो आणि तू अडकलीस.

मग ते पसरलं. तेरवीला जो तो म्हणे, काय बाई होती, शेवटपर्यंत नातीचा विचार! मी हात जोडून उभा. दुलारी दीदी रडत म्हणाली, "अइसन दाई सबो ला मिलय." अशी आई सगळ्यांना मिळो, म्हणे. वंदना माझ्याकडे बघायची आणि पानं वाढायला निघून जायची. तिने मला उघडं पाडलं नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. निकाल लागला, आपल्या मराठी मंडळात गुणवंतांचा सत्कार झाला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. पालकांनी दोन शब्द बोलावेत म्हणाले. आणि मी, तुझा मुलगा, माईकसमोर उभा राहून माझ्या आईच्या त्यागावर बोललो! गळा काढून बोललो. समोरच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. रेवू पहिल्या रांगेत बसली होती. तिने सगळा वेळ मान वर केली नाही. मला वाटलं, आजीच्या आठवणीने भरून आलंय.

मला आज कळलं तिला काय वाटत होतं ते. सगळ्या हॉलला जो त्याग वाटत होता, तो तिला नकार वाटत होता. आजीने मरताना मला नको म्हटलं, पेपर हवा म्हटलं, असं. बारा वर्षांची होईपर्यंत जी तुझ्याच कुशीत झोपली, त्या पोरीला! आणि ती हे कोणाला सांगणार? सगळं गाव तर टाळ्या वाजवत होतं.

आई, मेलेल्या माणसावर खोटं घालणं किती सोपं असतं! ते उठून नाही म्हणत नाही.

रिक्षाचा आवाज आला. त्या दोघी आल्या असाव्यात. पेन ठेवतो. आज नाही सांगितलं तर ती तिकडे निघून जाईल, डॉक्टर होईल, तिचं लग्न होईल, आणि तिच्या लेखी तू तशीच राहशील. मला भीती वाटते आहे. मला पन्नाशीत पोटच्या पोरीची भीती वाटते आहे, हस खुशाल.

*

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पुढचं आत्ता लिहितो.

काल सांगितलं. चादरींच्या पिशव्याही तिने खाली ठेवल्या नव्हत्या. मी म्हणालो, "रेवू, बस. आजीने शपथ घातली नव्हती. ते मी खोटं बोललो."

ती उभीच राहिली. मी सगळं सांगितलं. मंगळवार, बुधवार, वंदनाने जाते म्हटलं होतं आणि मी ओरडलो ते, जबलपूरचं, बाबांचं, माझं कॉलेज. काहीही गाळलं नाही. बोलताना माझं मराठीच चाललं होतं, ती किती ऐकत होती कोण जाणे. पण तिने मध्येच हात वर करून थांबवलं.

"आजी ने क्या बोला था? एक्ज़ैक्टली क्या बोला था?"

"म्हणाली, रेवूले बोलाव ना रे. पाच मिनिटं."

"कितनी बार?"

"दोनदा," मी म्हणालो. बघ आई, तेव्हाही! मग वंदना दारातून म्हणाली, "मला पण म्हणाल्या होत्या." मी म्हणालो, "तीनदा."

पोरगी मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली. तुझ्यासाठी ती एवढी कधीच रडली नव्हती, त्या गेटवरसुद्धा नाही. वंदनाने तिला जवळ घेतलं. तिच्या पोटाशी तोंड खुपसून पोट्टी एकच विचारत होती, "आजी मुझे बुला रही थी ना, मम्मी? बुला रही थी ना?" वंदना म्हणत होती, हो गं, हो, सारखी बोलावत होत्या. मी तिथेच उभा होतो. मला जवळ जायची हिंमत झाली नाही.

मी वाट पाहत होतो, ती ओरडेल म्हणून. मनातून मला तेच हवं होतं. ओरडेल, मग रडेल, मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवीन, आणि सगळं संपेल. आजवर तसंच झालं आहे ना प्रत्येक भांडणात?

ती ओरडली नाही. तोंड धुऊन आली, चादरी बॅगेत भरल्या, चेन लावली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता.

"पापा, कल आप स्टेशन मत आना."

"हव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तर आता ती गेली. वंदना सोबत गेली आहे, हॉस्टेलला सोडून परवा परत येईल. ज्या दिवसासाठी मी हे सगळं केलं, तुला पाच मिनिटं नाकारली, तो दिवस आज होता, आणि मी ओसरीवर बसून बॅगा रिक्षात चढवताना बघितल्या. तिने वाकून नमस्कार केला नाही. मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती, असं लिहिणार होतो, पण ठेवली होती. रिक्षा वळेपर्यंत ठेवली होती.

गाडी सुटायची वेळ झाली. पोचली की वंदना कळवेल.

तुझी माफी मागत नाही आई, माफी मागून मला पुन्हा सुटता येईल. काय करणार ते सांगतो. तुझ्या वर्षश्राद्धाला माणसं जमतील, पुन्हा तो त्याग निघेल, तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगीन की माझी आई नातीला बोलावत होती आणि मी आणलं नाही. मंडळातही सांगीन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. रेवूला फोन करून करून मनवणार नाही. ती विचारील तेव्हा, विचारील तेवढं खरं सांगीन, आकडासुद्धा चुकवणार नाही. आणि यापुढे या घरात कोणी कोणाला "बोलाव" म्हटलं, तर मी तारीख बघणार नाही. गाडी काढीन.

तुझ्या फोटोसमोर अजून मान वर न झालेला,
तुझा सुध्या